‘ऑर्डर कधी निघणार?’

“सर, पोरानं ग्रामपंचायतीत सहा महिने काढले, वर पाच महिने वाढवून मिळाले. आता ऑर्डर कधी निघणार?” गेल्या वर्षात हा प्रश्न मी किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही. विचारणाऱ्या बहुधा आया असतात. आयटीआयमध्ये शिल्प निदेशक म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झालो तरी शिक्षण-नोकरीचा विषय निघाला की गावातली माणसं माझ्याकडे येतात, आणि दर वेळी मला त्यांना नको असलेलं उत्तर द्यावं लागतं.

ऑर्डर निघणार नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत नेमणुकीची ऑर्डर कधी नव्हतीच.

जुलै २०२४ मध्ये या योजनेचा शासन निर्णय निघाला. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, शिक्षण संपलेलं, अशा तरुणाला एखाद्या आस्थापनेत प्रत्यक्ष काम करत शिकायला मिळावं आणि त्या काळात सरकारनं त्याला विद्यावेतन द्यावं, एवढाच तिचा आवाका. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधर आणि पदव्युत्तरांना १०,०००. पैसे थेट बँक खात्यात. प्रशिक्षण संपल्यावर मुलगा पसंत पडला तर आस्थापना त्याला ठेवून घेऊ शकते, पण तसं बंधन तिच्यावर नाही. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा हे कामगाराला लागू होणारे कायदे या प्रशिक्षणार्थींना लागू नाहीत, हेही त्याच निर्णयात स्पष्ट लिहिलेलं आहे.

मग ‘कायम करणार’ हे आलं कुठून? माझ्या मते दोन आकड्यांमधून. सरकारी कार्यालयात किती प्रशिक्षणार्थी घ्यायचे ते मंजूर पदांच्या ५ टक्के या हिशेबानं ठरतं. हे फक्त संख्या ठरवायचं माप आहे. पण ‘मंजूर पद’ हे शब्द कानावर पडले की माणसाला वाटतं, पद मंजूर आहे आणि त्यावर आपलं पोरगं बसलंय. दुसरा आकडा अकरा. सहा महिन्यांची मुदत २०२५ मध्ये अकरा महिने झाली आणि ‘अकरा महिने’ म्हटलं की आपल्याकडे कंत्राटी नेमणूकच डोळ्यांसमोर येते. शिक्षण सेवक किंवा कंत्राटी कर्मचारी पुढे सेवेत कायम झालेले लोकांनी पाहिलेले असतात. तोच हिशेब ते इथे लावतात.

यात मुलांची चूक मी मानत नाही. रिकाम्या खुर्च्यांवर त्यांना बसवून कार्यालयांनी रोजचं काम उरकून घेतलं, टंकलेखनापासून पाणीपट्टीच्या वसुलीपर्यंत. कर्मचाऱ्याचं काम करणाऱ्याला आपण कर्मचारीच आहोत असं वाटणारच. पदं वर्षानुवर्षं न भरता तिथे प्रशिक्षणार्थी बसवायचे, ही माझ्या लेखी मुलांची फसवणूकच आहे आणि त्याविरुद्ध त्यांनी मोर्चे काढले तर त्यांचा राग मला समजतो. राग मला येतो तो ‘एवढी सही करा, आम्ही कायम करून आणतो’ असं सांगत फिरणाऱ्यांचा. असल्या लोकांवर विसंबून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सोडलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं वय कुणासाठी थांबत नाही.

कोर्टाचं नाव काढणारे असतातच, तेव्हा तेही पाहू. कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं एप्रिल २००६ मध्ये सांगितलं, की भरतीची घटनात्मक पद्धत टाळून तात्पुरतं घेतलेल्या माणसाला केवळ काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मंजूर पदावर दहा किंवा अधिक वर्षं राबलेल्यांसाठी तिथे एकवेळची सवलत होती. डिसेंबर २०२४ मधल्या जग्गो खटल्यात न्यायालयानं केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कामगार आणि माळ्याच्या बाजूनं निकाल दिला, आणि तो मला अतिशय न्याय्य वाटतो. पण ती माणसं दीर्घकाळ नेमून दिलेलं कायम स्वरूपाचं काम करत होती. अकरा महिन्यांच्या विद्यावेतनाशी त्या निकालाची सांगड घालता येत नाही.

ॲप्रेंटिसचं काय, असा पुढचा प्रश्न येतो. ती वाट वेगळी. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. त्याचं कलम १८ सांगतं की शिकाऊ उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नाही. उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं एक चांगली गोष्ट केली. बाकी सगळं समान असेल तर त्याच आस्थापनेत शिकलेल्या उमेदवाराला भरतीत प्राधान्य द्यावं, असं सांगितलं. प्राधान्य दिलं, हमी नव्हे. पण हे प्राधान्य मागायला हवं, आणि आमच्याकडची कितीतरी मुलं ते मागतच नाहीत, कारण त्यांना ते माहीत नसतं.

आता बाकीचे गैरसमज.

‘लाडक्या भावाला घरबसल्या दहा हजार मिळतात.’ ‘लाडका भाऊ’ म्हणतात ती हीच योजना, पण घरबसल्या काही नाही. हजेरी लागते, आणि महिन्यात दहा किंवा अधिक दिवस गैरहजर राहिलं तर त्या महिन्याचं विद्यावेतन जातं.

‘नाव घालायला पैसे लागतात.’ नोंदणी महास्वयंच्या संकेतस्थळावर फुकट होते.

‘कौशल्य विकासचं प्रमाणपत्र म्हणजे आयटीआयच.’ मुळीच नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचा अल्पमुदतीचा कोर्स काहीशे तासांचा, आणि वीजतंत्री किंवा जोडारीचा आयटीआय दोन वर्षांचा. महावितरणच्या भरतीत आयटीआय मागितला असेल तिथे पहिलं प्रमाणपत्र चालत नाही.

‘त्या कोर्सनंतर नोकरी लागतेच.’ संसदेत सरकारनंच दिलेल्या आकड्यांनुसार या योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत अल्पमुदतीचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्यांपैकी साधारण ४३ टक्के लोकांना काम लागल्याची नोंद आहे. प्रवेश घेण्याआधी प्रशिक्षण केंद्राला विचारा, मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे आहेत. चांगलं केंद्र उत्तर देतं.

‘ॲप्रेंटिस फक्त मोठ्या कंपन्या घेतात.’ तीस किंवा अधिक माणसं कामाला असतील तर ते सक्तीचं आहे, पण चार माणसांचं वर्कशॉपही घेऊ शकतं. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार भरतं. आमच्या तालुक्यातल्या लेथवाल्यांना हे सांगितलं तर ते अजूनही विश्वास ठेवत नाहीत.

‘आरसेटीत शिकलं की कर्ज मंजूर.’ आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. तिथे राहणं-जेवण-शिकणं फुकट आहे आणि कर्जासाठी त्या मदतही करतात, पण कर्ज द्यायचं की नाही हे बँक तिच्या नियमांनी ठरवते. ही कल्पना १९८२ साली कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावात रुजली, तीच मुळी नोकरीची वाट न पाहता स्वतःचा धंदा करू पाहणाऱ्यांसाठी.

ऑर्डरचं विचारणाऱ्या एका मावशींचा मुलगा नंतर स्वतः आला. अकरा महिन्यांनंतर हातात आलेला कागद दाखवला. त्यावर एकच ओळ: प्रशिक्षण समाधानकारकपणे पूर्ण केले. मी विचारलं, तिथे काय काय केलंस? नमुना ८ चे उतारे संगणकावर काढले, दाखल्यांचे अर्ज भरून दिले, ग्रामसभेचं इतिवृत्त टाइप केलं, घरपट्टीचा हिशेब जुळवला. म्हटलं, यातलं एकही या कागदावर नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे परत जा, कामांची यादी लिहून त्यावर त्यांची सही-शिक्का घेऊन ये. सोमवारी तो ती घेऊन आला. तालुक्याच्या गावी एका कर सल्लागाराला हिशेब लिहायला मुलगा हवा होता. मी दोघांची गाठ घालून दिली.