जुन्या विद्युत बेस गिटारचा जीर्णोद्धार : ‘मूळ स्वरूप’ या संकल्पनेच्या संदर्भात

प्रस्तावना

जीर्णोद्धार हा शब्द मराठीत प्रामुख्याने वास्तूंच्या संदर्भात वापरला जातो. जुन्या मंदिराच्या कोरीव दगडावर तैलरंगाचे हात चढविणे म्हणजे जीर्णोद्धार नव्हे, ही जाणीव अभ्यासकांमध्ये रुजलेली आहे. परंतु कारखान्यात तयार झालेल्या अनेक वस्तूही आता जुन्या झाल्या असून त्यांच्याबाबत हाच प्रश्न नव्याने उपस्थित होतो. विद्युत बेस गिटार हे अशा वस्तूंचे एक ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या १९५० व १९६० च्या दशकांतील बेस गिटारचा जीर्णोद्धार कसा केला जातो, याचे विवेचन केले असून त्या निमित्ताने ‘मूळ स्वरूप’ म्हणजे वाद्याच्या आयुष्यातील नेमके कोणत्या काळाचे स्वरूप, या प्रश्नाची चर्चा केली आहे.

वाद्याची जडणघडण

विद्युत बेस गिटार येण्यापूर्वी वाद्यवृंदातील खर्जाची बाजू डबल बेस हे उभे, अवजड वाद्य सांभाळीत असे. सिएटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात पडदे असलेले विद्युत बेस वाद्य तयार केले होते. तथापि त्याचा फारसा प्रसार झाला नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. दांडीवरील पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून हे नाव. १९५७ मध्ये तिच्यात दोन भागांत विभागलेला पिकअप आला, तर १९६० मध्ये ‘जॅझ बेस’ हा दुसरा प्रकार निघाला. १९६५ मध्ये कंपनी सीबीएसच्या मालकीची झाली. त्यापूर्वीच्या वाद्यांना संग्राहक विशेष मोल देतात.

या वाद्याची एक बाब येथे महत्त्वाची आहे. त्याची दांडी धडाला सरसाने चिकटविलेली नसून चार स्क्रूंनी आवळलेली असते. बिघडलेला भाग काढून दुसरा बसविता यावा, हा त्यामागील व्यवहारी हेतू होता. त्यामुळे एका वाद्याची दांडी, दुसऱ्याचे धड आणि तिसऱ्याचा पिकअप अशी सरमिसळ सहज घडू शकते. ज्या रचनेमुळे दुरुस्ती सोपी झाली, त्याच रचनेमुळे अस्सलपणाचा निर्णय कठीण झाला.

जीर्णोद्धाराची प्रक्रिया

(अ) परीक्षण : पहिले काम हत्यार उचलण्याचे नसून पाहण्याचे व नोंदविण्याचे असते. वाद्य उघडण्यापूर्वी व उघडताना छायाचित्रे घेतली जातात. दांडीच्या बुंध्यावर अनेकदा तारीख आढळते. पोटेन्शिओमीटरवरील अंकही बोलके असतात. उदाहरणार्थ, ‘३०४६६१२’ या अंकांतील ३०४ हा स्टॅकपोल या उत्पादकाचा संकेत असून पुढील अंक १९६६ सालचा १२ वा आठवडा दर्शवितात. अर्थात, यावरून फक्त त्या सुट्या भागाचे वय कळते. तो भाग नंतर बदललेला नसेल, तर वाद्य त्या आठवड्यापूर्वीचे नाही, एवढाच निष्कर्ष काढता येतो. न छेडलेले डाखाचे सांधे हा यासाठीचा महत्त्वाचा पुरावा होय. म्हणूनच गरज नसताना डाख वितळविणे म्हणजे दस्तऐवजावरील मोहोर फोडण्यासारखे आहे.

(आ) दांडी व पडदे : चौतीस इंची तारांचा ताण दांडीला सतत पुढे खेचतो. त्यास तोल देण्यासाठी दांडीच्या पोटात ट्रस रॉड ही पोलादी सळई असते. पहिला व शेवटचा पडदा येथे तार दाबून धरली असता मधल्या पडद्यांवर सुमारे ०.३ ते ०.३५ मिलिमीटर फट राहणे इष्ट मानले जाते. सळई एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवीत नाहीत, कारण जुनी सळई तुटल्यास फिंगरबोर्ड उखडण्याची वेळ येऊ शकते. झिजलेले पडदे शक्य तोवर कानशीने समतल करून पुन्हा गोलाई देऊन वापरतात. फारच झिजले असतील तरच ते बदलतात.

फिंगरबोर्डच्या लाकडाचा प्रश्न आपल्याही परिसराशी जोडलेला आहे. १९५९ पासून फेंडरने शिसवी फिंगरबोर्ड वापरण्यास सुरुवात केली. त्यासाठी लागणाऱ्या ब्राझिलियन शिसवाचा समावेश १९९२ मध्ये ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात झाला व त्याच्या व्यापारावर कडक निर्बंध आले. सह्याद्रीत वाढणारा भारतीय शिसव हा त्याचा प्रचलित पर्याय. मात्र २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण प्रजातीचा व्यापार नियंत्रणाखाली आला. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली, तरी पहिल्या परिशिष्टातील ब्राझिलियन शिसव त्यातून वगळलेला आहे. सारांश, जुना फिंगरबोर्ड वाचविणे हा केवळ हौसेचा विषय उरलेला नाही.

(इ) विद्युत भाग : पिकअपमध्ये चुंबकांभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. दमट हवेने ही तार गंजून तुटते. प्रिसिजन बेसच्या पिकअपचे दोन भाग एकसर जोडणीत असल्यामुळे एका भागातील तार तुटली तरी संपूर्ण पिकअप मुका होतो. अशा वेळी दोन्ही भाग बदलण्याऐवजी मीटरने तपासून केवळ निकामी भाग पुन्हा गुंडाळणे योग्य ठरते. खरखरणारे पोटेन्शिओमीटर बहुधा साफसफाईनेच सुधारतात.

(ई) रंग : सर्वाधिक हानी येथे होते. त्या काळातील नायट्रोसेल्युलोज लॅकर कालांतराने पिवळे पडते व त्यावर बारीक तडे जातात. हे लॅकर वाळल्यानंतरही आपल्या द्रावकात पुन्हा विरघळते. त्यामुळे थिनरचा एक बोळा कित्येक दशकांचा थर काही क्षणांत पुसून टाकतो. मऊ कापडाने धूळ टिपणे आणि सुटू लागलेले पापुद्रे जागेवर बसविणे, एवढ्यावरच थांबणे बहुधा शहाणपणाचे ठरते. नव्याने रंग दिलेल्या वाद्याचे बाजारमूल्य लक्षणीयरीत्या घटते.

‘मूळ’ कोणते?

वरील विवेचनावरून कारखान्यातून बाहेर पडतानाचे स्वरूप म्हणजेच मूळ स्वरूप, असा समज होणे शक्य आहे. मात्र पुढील उदाहरणे हा समज तपासून पाहण्यास भाग पाडतात.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन आपल्या १९६२ च्या प्रिसिजन बेसवरील तारा क्वचितच बदलीत. जुन्या, सपाट वेढ्यांच्या तारा आणि घोडीवरील झाकणाखालचा स्पंज यांतून त्यांचा घुमारदार, आखूड नाद घडला. दक्ष पण अनभिज्ञ कारागीर नेमक्या याच दोन गोष्टी कचरा समजून फेकून देईल.

जॅको पास्टोरियस यांच्या १९६२ च्या जॅझ बेसचे पडदे काढलेले होते आणि फिंगरबोर्डवर नौकांसाठीच्या इपॉक्सीचा लेप होता. १९८० च्या दशकात तिचे तुकडे झाले व कारागिरांनी ते पुन्हा सांधले. १९८६ मध्ये न्यूयॉर्क येथे ती चोरीस गेली. पुढे ती सापडली आणि २०१० मध्ये रॉबर्ट ट्रुहिलो यांच्या साहाय्याने पास्टोरियस कुटुंबाकडे परतली. या वाद्यावर पुन्हा पडदे बसविले, तर ते कारखान्याच्या नमुन्याबरहुकूम होईल. पण पास्टोरियस यांचे उरणार नाही.

पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बर्ग येथे घेतलेली हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनमधून चोरीस गेली आणि ती परत मिळाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. १९६४ मध्ये तिला नवा रंग देण्यात आला होता व दोन्ही पिकअप एकाच लाकडी चौकटीत बसविण्यात आले होते. काटेकोर दृष्टीने हा फेरफारच. परंतु अशा खुणांमुळेच तिची ओळख पटविता येते.

वास्तुसंवर्धनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत दोन सूत्रे आढळतात : अनुमान सुरू होते तेथे पुनर्स्थापना थांबावी आणि सर्व कालखंडांतील ग्राह्य भर जपली जावी. ही सूत्रे वाद्यांनाही लागू पडतात. तथापि एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. वास्तू पाहण्यासाठी उभी असते, तर वाद्य वाजण्यासाठी असते. ज्या वाद्यातून स्वर उमटत नाही, त्याचे जतन अपुरेच म्हणावे लागेल. पडदे, तारा व निकामी वेढे यांच्याबाबत हस्तक्षेप समर्थनीय ठरतो तो याच कारणाने.

निष्कर्ष

१. ‘मूळ स्वरूप’ हे वाद्याच्या निर्मितीच्या दिवसापुरते मर्यादित नसून वादकाने त्यावर उमटविलेल्या अर्थपूर्ण खुणाही त्याचा भाग असतात.

२. वाद्य वाजते करण्यास आवश्यक तेवढाच हस्तक्षेप करावा व तो शक्यतो पूर्ववत करता येण्याजोगा असावा.

३. काढलेला प्रत्येक भाग वाद्यासोबत जपावा व केलेल्या कामाची दिनांकासह लेखी नोंद ठेवावी. महाविद्यालयांच्या संगीत विभागांतील जुन्या पेट्या व तंबोरे यांच्याबाबतही अशी नोंदवही ठेवणे अल्प खर्चात शक्य आहे.

४. रंगकाम हा हस्तक्षेप जवळजवळ अपरिवर्तनीय असल्याने तो अखेरचा पर्याय मानावा.