ख्रिस्तभक्ती, मराठी
येशू ख्रिस्ताशी भक्ताने जोडलेले वैयक्तिक, जिव्हाळ्याचे नाते व त्याचा मराठी आविष्कार. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ मध्ये सुरू झाले. परंतु उपासनेत भाषांतरित गीतांचा भरणा असल्याने तिच्यात काहीसा परकेपणा राही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन पुढे नगरला स्थायिक झालेले कवी ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांना ख्रिस्ताची वाट गवसली, ती तुकारामांच्या अभंगांतून. त्यांच्या रचनांत ख्रिस्त हा दूरस्थ न्यायाधीश नसून माउली व गुरू आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मात्र पतीमागोमाग धर्मांतर केले नाही. स्वतःची खात्री पटल्यावरच १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये टिळकांनी मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान दिले.