चाचणी ‘होकारार्थी’ आली, म्हणजे काय?

एच.आय.व्ही.ची एक रक्तचाचणी घेऊ. समजा, लागण झालेल्या प्रत्येकाला ती ओळखते. पण लागण नसलेल्या शंभरांपैकी एकालाही चुकून होकारार्थी ठरवते. चाचणी तशी चांगलीच! आता हजारात एकाला लागण असलेल्या गटातले १०,००० लोक आपण तपासू. लागण झालेले १० जण सापडतील. उरलेल्या ९,९९० पैकी सुमारे १०० जणही त्यांच्याबरोबर होकारार्थी येतील. म्हणजे ११० निकालांपैकी खरे फक्त १०! दहांत एकाला लागण असेल, तर मात्र तितक्याच लोकांत १,०९० पैकी १,००० निकाल खरे ठरतील. चाचणी तीच, निकालाचा अर्थ वेगळा.

मग निर्णय कसा घ्यायचा? कोणती चूक महाग पडेल, ते पाहून. रक्तपेढीत शंका आलेली पिशवी सरळ बाद करतात. चांगले रक्त वाया गेले तरी चालते. माणसाला ‘तुम्हाला लागण आहे’ असे सांगताना हे चालत नाही. म्हणून भारतात लक्षणे नसलेल्या व्यक्तीचे निदान तीन वेगवेगळ्या चाचण्या जुळल्यावरच करतात.

वर्गात ११० चिंचोके घेऊन त्यांतले १० रंगवू. न पाहता एकेक उचलून परत टाकायचा. रंगीत किती वेळा येतो, ते मुलांनाच मोजू द्या.