वादकाचे कान आणि खर्जाचा ध्वनी

भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याभोवती एक नवे नगर वसले, आणि देशाच्या सर्व भागांतून, त्यांत महाराष्ट्रातूनही, कामगारांची कुटुंबे तेथे येऊन स्थायिक झाली. झोतभट्टीला हवा पुरविणारी यंत्रे, हवा दाबून भरणारे संपीडक, तप्त पोलाद कापणाऱ्या करवती ही सर्व अतिशय तीव्र ध्वनी निर्माण करणारी साधने होत. अशा ठिकाणी दीर्घकाळ काम करणाऱ्यांचे कान निकामी होतात, हे पुष्कळ वर्षांपासून ज्ञात आहे. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्हेनिस येथील तांबटांच्या बहिरेपणाचे वर्णन केले होते, आणि १८८६ साली ग्लासगो येथील टॉमस बार यांनी बाष्पित्र बनविणाऱ्या कामगारांचे कान तपासून तोच निष्कर्ष काढला. पुण्याच्या तांबट आळीतून ज्याने एकदा तरी फेरी मारली असेल, त्याला रामाझ्झिनी यांचे म्हणणे सहज पटेल.

भारतात कारखाने अधिनियम, १९४८ यामध्ये १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने ध्वनिजन्य बहिरेपणाचा समावेश सरकारला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत करण्यात आला. कारखान्यांसाठीच्या आदर्श नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबेल ही मर्यादा घालण्यात आली, आणि ११५ डेसिबेलपेक्षा तीव्र अशा अखंड ध्वनीत कोणासही जाऊ देऊ नये, असे ठरविण्यात आले. परंतु कामगाराची पाळी संपल्यावर त्याच नगरात दुसऱ्या प्रकारचा ध्वनी सुरू होतो. दुर्ग, भिलाई, रायपूर येथे आणि इकडे नागपूरपर्यंत 'धुमाल' या नावाने ओळखली जाणारी वाद्यपथके वाहनांवर ध्वनिक्षेपकांच्या राशी रचून मिरवणुकीत तासन्‌तास वाजवितात. महाविद्यालयांच्या उत्सवांत रॉक संगीताचे वाद्यवृंद वाजतात. यंत्राचा ध्वनी आणि संगीताचा ध्वनी यांतील भेद मनाला कळतो. कानाला तो कळत नाही. कान केवळ तीव्रता आणि काळ यांचा हिशेब ठेवतो.

ध्वनीची मात्रा

ध्वनीची तीव्रता डेसिबेल या एककात मोजतात. ही मोजपट्टी साध्या बेरजेची नाही. तीन डेसिबेलांची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट होणे, आणि दहा डेसिबेलांची वाढ म्हणजे ती दसपट होणे. कानाला मात्र दहा डेसिबेलांनी वाढलेला आवाज केवळ सुमारे दुप्पट मोठा वाटतो. धोका वाढत असताना त्याची जाणीव मात्र त्या मानाने वाढत नाही, ही या विषयातील पहिली अडचण होय.

औषधाप्रमाणे ध्वनीचीही मात्रा असते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने शिफारस केलेल्या प्रमाणानुसार ८५ डेसिबेल ध्वनीत आठ तास काढावेत. त्यानंतर दर तीन डेसिबेलांस काळ निम्मा करावा. म्हणजे ८८ डेसिबेलांस चार तास, ९४ डेसिबेलांस एक तास आणि १०० डेसिबेलांस केवळ १५ मिनिटे. रॉक वाद्यवृंदाच्या मंचावर १०० डेसिबेल ही काही असामान्य पातळी नव्हे. तेथे वादक दोन तास उभा राहिला, तर एका संध्याकाळी त्याने आठ दिवसांची मात्रा घेतली असे होते.

कानाच्या आत काय घडते

अंतर्कर्णात शंखाप्रमाणे वळसे घेतलेली एक नलिका असते. तीत सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांनी या पेशींवरील सूक्ष्म रोम लवतात, आणि त्या हालचालीचे रूपांतर मज्जातंतूंतील संदेशात होते. फार तीव्र ध्वनीने या पेशी प्रथम थकतात. कार्यक्रमानंतर कानांत दडे बसल्यासारखे वाटते, गुणगुण ऐकू येते आणि दुसऱ्या दिवशी सर्व पूर्ववत झाल्याचा भास होतो. पुनःपुन्हा असे घडल्यास पेशी मरतात. पक्ष्यांमध्ये अशा पेशी पुन्हा उत्पन्न होतात, हे १९८०च्या दशकात आढळून आले. माणसाला ही देणगी लाभलेली नाही.

'दुसऱ्या दिवशी सर्व ठीक' ही समजूतही आता पूर्वीइतकी निर्धास्त राहिलेली नाही. २००९ साली शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर प्रयोग करून असे दाखविले की, श्रवणाची पातळी पूर्ववत झाल्यानंतरही रोमपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे पुष्कळसे सांधे कायमचे तुटलेले असतात.

हानीची पहिली खूण बहुधा दर सेकंदास ४,००० आवर्तनांच्या आसपास उमटते. याचा संबंध कर्णनलिकेच्या लांबीशी आहे. त्या पोकळीत सुमारे ३,००० आवर्तनांचा ध्वनी घुमून अधिक तीव्र होतो आणि त्याच्या थोड्या वरच्या पट्टीतील पेशी प्रथम बळी पडतात. माणसाच्या बोलण्यातील 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने याच उंच प्रदेशात असतात. म्हणून असा रुग्ण 'मला ऐकू येत नाही' असे म्हणत नाही. 'लोक पुटपुटतात' अशी त्याची तक्रार असते. त्याला शब्द ऐकू येतो, परंतु 'साल' की 'शाल' हे कळत नाही. याच्या जोडीला पुष्कळदा कर्णनाद जडतो. बाहेर ध्वनी नसताना कानात अखंड शीळ वाजत राहण्याचा हा विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेतील कर्णरोगांत कर्णनाद आणि बाधिर्य या दोहोंचा उल्लेख आहे.

खर्जाला एवढी शक्ती का लागते

रॉक वाद्यवृंदात खर्जाची बाजू बेस गिटार सांभाळते. १९५१ साली अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' हे वाद्य बाजारात आणले. तोपर्यंत खर्जासाठी माणसाच्या उंचीचे डबल बेस वापरीत. विद्युत् गिटार आणि ढोल यांच्या गजरात त्याचा स्वर बुडून जाई. नव्या वाद्याने ती अडचण दूर केली. परंतु त्याचा सारा भार प्रवर्धक आणि ध्वनिक्षेपक यांवर पडला.

बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर दर सेकंदास सुमारे ४१ आवर्तनांचा असतो. इतक्या खालच्या ध्वनीला मानवी कान फार कमी प्रतिसाद देतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे प्रथम पद्धतशीरपणे मोजून दाखविले. मंद पातळीवर १,००० आवर्तनांच्या स्वराइतकाच ४० आवर्तनांचा स्वर मोठा वाटावा, यासाठी तो सुमारे ४० डेसिबेलांनी अधिक तीव्र असावा लागतो. शिवाय खर्जासाठी ध्वनिक्षेपकाच्या पडद्याला फार मोठ्या प्रमाणावर हवा हलवावी लागते. म्हणूनच बेसच्या ध्वनिपेट्या मोठ्या असतात आणि त्यांचे प्रवर्धक गिटारच्या प्रवर्धकाहून शक्तिमान असतात.

१९५२ साली फेंडर यांनी काढलेला बेसचा प्रवर्धक सुमारे २५ वॉटचा होता. १९६९ साली अँपेग कंपनीने आणलेला प्रवर्धक ३०० वॉटचा होता, आणि त्याला दहा इंची आठ ध्वनिक्षेपकांच्या दोन पेट्या जोडीत. शक्ती बारापट झाली. डेसिबेलांच्या हिशेबाने ही वाढ केवळ अकराच्या आसपास भरते. म्हणजे ध्वनी जेमतेम दुप्पट मोठा वाटतो. वॉटांच्या आकड्यांची स्पर्धा किती लवकर निष्फळ होते, हे यावरून दिसून येईल. पुढे तीच स्पर्धा महोत्सवांच्या मैदानांत, आणि आता मिरवणुकीच्या वाहनांवर चालू आहे.

बेसवादकाची विशेष अडचण

बेसवादकाचे कान खर्जाने बिघडत असतील, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात त्याची जागा बहुधा ढोलवादकाच्या शेजारी असते, आणि पितळी झांजांचा तीक्ष्ण ध्वनी काही फुटांवरून त्याच्या कानावर आदळत असतो. त्यामुळे त्याची हानीही इतरांप्रमाणे उंच पट्टीतच होते. बेसच्या स्वराचा आरंभ, म्हणजे तार छेडताना होणारा टणत्कार, याच उंच पट्टीत असतो. तो ऐकू येईनासा झाला की, वाद्य अस्पष्ट वाटू लागते आणि वादक आवाज चढवितो.

यात ध्वनिपेटीच्या जागेची भर पडते. पेटी जमिनीवर, वादकाच्या पाठीशी ठेवलेली असते. उंच ध्वनी अरुंद झोताप्रमाणे सरळ पुढे जातो, तर खर्ज सर्वत्र पसरतो. स्पष्टता वादकाच्या गुडघ्यांवरून निघून जाते आणि पहिल्या रांगेतील श्रोत्यांच्या कानांवर पडते. वादकाला मात्र केवळ गुरगुर ऐकू येते. तो आवाज वाढवितो, मग गिटारवादक वाढवितो, ढोलवादक अधिक जोराने वाजवितो. कोणाचीही दुष्ट इच्छा नसताना मंचावरील पातळी अशी चढत जाते.

याची किंमत नामवंतांनाही चुकली नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील 'द काँट्रॅक्शन्स' या वाद्यवृंदातील बेसवादिका कॅथी पेक यांचे कान १९८४ साली ओकलंड येथील एका भव्य कार्यक्रमानंतर दुखावले. १९८८ साली त्यांनी एका वैद्याच्या सहकार्याने रॉक वादकांना श्रवणरक्षणाचे शिक्षण देणारी संस्था स्थापन केली. 'द हू' या वाद्यवृंदाचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी आपल्या बहिरेपणासाठी मंचापेक्षाही ध्वनिमुद्रणगृहातील हेडफोनकडे बोट दाखविले. 'एसी/डीसी'चे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ साली वैद्यांच्या सल्ल्यावरून दौरा अर्धवट सोडावा लागला. त्यांच्या मते मोटारशर्यतींचा ध्वनीही त्यास कारणीभूत होता. जर्मनीतील विमाधारकांच्या नोंदी तपासून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्यावसायिक वादकांमध्ये ध्वनिजन्य बहिरेपणाचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ चौपट आढळले.

उपाय

मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत करणारे औषध उपलब्ध नाही. उपाय आहेत ते हानी होण्यापूर्वीचे, आणि त्यांतील बहुतेकांना फारसा खर्च येत नाही.

ध्वनिपेटी उंचावर ठेवावी, अथवा मागे कलवून तिचे तोंड वादकाच्या कानाकडे करावे. असे केल्याने वादकाला स्पष्ट ऐकू येते आणि तो आपण होऊन आवाज कमी करतो. बेस गिटार सरळ सभागृहाच्या ध्वनियंत्रणेस जोडल्यास मंचावर मोठ्या पेट्यांची गरजच उरत नाही. उघड्या मैदानात अंतर दुप्पट केल्यास ध्वनी सुमारे सहा डेसिबेलांनी उतरतो. म्हणून झांजांपासून दोन पावले दूर सरणे हाही उपचारच होय.

कानात घालावयाच्या फेसाळ बुचांनी उंच ध्वनी अधिक आणि खर्ज कमी अडतो, त्यामुळे संगीत घुमट वाटते आणि वादक ती काढून टाकतात. ही उणीव ओळखून अमेरिकेत १९८८ साली सर्व पट्ट्यांतील ध्वनी सारखाच, सुमारे १५ डेसिबेलांनी, उतरविणारी वादकांसाठीची बुचे तयार करण्यात आली. वरील हिशेबाने १५ डेसिबेलांची घट म्हणजे काळाच्या मर्यादेत बत्तीसपट वाढ होय. कानात बसविलेल्या छोट्या ध्वनिक्षेपकांतून स्वतःचे वाद्य ऐकण्याची पद्धतही रूढ झाली आहे. मात्र त्यांचा आवाज संयमाने ठेवला तरच ती हितावह ठरते. वादकाने वर्षातून एकदा श्रवणाचा आलेख काढून घ्यावा, कारण ४,००० आवर्तनांजवळची खाच रुग्णाला जाणवण्यापूर्वी आलेखात दिसते.

नियम आणि श्रोते

मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८५ साली ध्वनिप्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे नेला. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव अनेक वर्षे धोबी तलावाजवळील रंगभवनाच्या खुल्या मंचावर भरत असे. परंतु परिसरात रुग्णालये असल्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि तेथील ध्वनिवर्धकांचे कार्यक्रम थांबले. केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा ठरवून दिली. बिलासपूर येथील छत्तीसगढ उच्च न्यायालयानेही वाहनांवर चढविलेल्या ध्वनिक्षेपकांविरुद्ध आदेश दिले आहेत.

हे नियम मुख्यतः शेजाऱ्यांचे रक्षण करतात. मंचावरील वादक आणि मंचासमोरील श्रोता यांचा विचार जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सुचविलेल्या प्रमाणात आढळतो. त्यानुसार कार्यक्रमस्थळी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबेलांहून अधिक नसावी, ध्वनीचे सतत मापन व्हावे, कानांसाठी बुचे मिळावीत आणि विश्रांतीसाठी शांत जागा असावी.

धुमाल पथकातील अथवा रॉक वाद्यवृंदातील तरुण दिवसा कारखान्यात नोकरीस असेल, तर त्याच्या कानांच्या खाती दोन्ही ठिकाणची मात्रा जमा होते. कारखान्यात त्याला कर्णरक्षक देणारा अधिकारी असतो. मंचावर ते काम त्याचे त्यालाच करावे लागते. ज्या शाळांत वाद्यवृंद अथवा ढोलपथक आहे, तेथील शिक्षकांनी सरावाच्या खोलीतील ध्वनी एकदा मोजून पाहावा, वादकांना आळीपाळीने विश्रांती द्यावी आणि वाद्यांबरोबरच बुचांची एक पेटीही कपाटात ठेवावी. सतारीची तार तुटली तर नवी बसविता येते. रोमपेशींच्या बाबतीत ती सोय नाही.