पगार कापण्याचा अधिकार कुणाला? डिलिव्हरी हबमधला मॅनेजर आणि हजेरीवरचा कामगार

पहाटे पाचला मालाची गाडी येणार म्हणून साडेचारलाच मुले हबवर हजर होतात. कुणी बदनापूरकडचा, कुणी अंबडकडचा, कुणी भोकरदनहून येऊन जालन्यात खोली करून राहिलेला. गाडी रस्त्यात अडकते. सात वाजतात, आठ वाजतात. मग मॅनेजर बाहेर येऊन सांगतो, "आज माल कमी आहे, निम्म्यांनी घरी जा. अर्धी हजेरी लागेल." मुले मुकाट्याने निघून जातात.

जालना जिल्ह्यात युवकांसोबत काम करताना हा प्रसंग आम्ही इतक्या मुलांच्या तोंडून ऐकला आहे, की तो आता कुणा एका हबचा राहिलेला नाही. प्रत्येक वेळी आम्ही विचारतो, "अर्धी हजेरी लावायचा अधिकार त्यांना आहे का?" उत्तर ठरलेले असते, "मॅनेजर आहेत, ते म्हणतील तसं." म्हणूनच हा अधिकार नेमका कुणाचा, कुठपर्यंत, हे समजून घेणे गरजेचे आहे.

आधी हबची रचना पाहू. आत माल उतरवणारे, स्कॅन करून रूटनुसार लावणारे कामगार हजेरीवर असतात. बाहेर पार्सल पोचवणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी पार्सलमागे दर मिळतो. त्यांच्या वर टीम लीडर आणि त्याच्या वर हब मॅनेजर. पाटी मोठ्या कंपनीची असते, पण पगार ठेकेदाराच्या खात्यातून येतो. अनेकदा मॅनेजरही ठेकेदाराचाच नोकर असतो. त्यालाही वरून फोन येतो, त्याच्याही डोक्यावर टार्गेट असते. म्हणजे रोज ज्या दोघांत वाद होतो, त्या दोघांच्याही हातात तिजोरीची किल्ली नसते. मॅनेजरची अडचण समजून घ्यावी, पण तिची किंमत कामगाराच्या पगारातून वसूल होऊ नये.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली वेतन संहिता 2019 सालची आहे. वेतन प्रदान कायदा 1936, किमान वेतन कायदा 1948, बोनस कायदा 1965 आणि समान वेतन कायदा 1976 हे चार कायदे तिच्यात एकत्र केले आहेत. या संहितांवर कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत. तरीही हबमधल्या रोजच्या तीन वादांवर तिच्यात स्पष्ट तरतुदी आहेत.

पहिला वाद अर्ध्या हजेरीचा. कलम 10 सांगते की रोजावर किमान वेतन असलेला कामगार हजर असूनही मालकाने काम न दिल्यामुळे कमी तास काम करत असेल, तर तो पूर्ण दिवसाच्या वेतनाला पात्र आहे. त्याने स्वतः काम नाकारले तर गोष्ट वेगळी. गाडी उशिरा आली हा कामगाराचा दोष नाही. ही तरतूद नवीन नाही, 1948 च्या कायद्यातही ती होती.

दुसरा वाद हरवलेल्या पार्सलचा आणि कमी भरलेल्या कॅशचा. "पार्सल सापडत नाही, सगळ्यांच्या पगारातून कापू," हे वाक्य मुलांनी किती वेळा ऐकले असेल! कायदा काय म्हणतो? माल किंवा पैसे त्या कामगाराकडे स्पष्टपणे सोपवलेले असले पाहिजेत. नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालेले असले पाहिजे. कपातीआधी त्याला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. कपात नुकसानीपेक्षा जास्त नसावी आणि तिची नोंद रजिस्टरमध्ये हवी. सर्व कपाती मिळून पगाराच्या 50 टक्क्यांवर जाता येत नाही. म्हणजे "सगळ्यांकडून थोडे थोडे" ही पद्धत कायद्यात बसत नाही.

तिसरा वाद जादा तासांचा. दिवाळीच्या सेलमध्ये बारा-बारा तास काम होते आणि बदल्यात एखादा वडापाव आणि "आपली टीम, आपलं कुटुंब" असे भाषण मिळते. जादा कामाचा दर नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट असला पाहिजे. पगाराची स्लिप देणेही मालकावर बंधनकारक आहे.

आणि ठेकेदाराने हात वर केले तर? कलम 43 नुसार ज्या आस्थापनेत काम केले, तिच्या मालक कंपनीवर वेतनाची जबाबदारी येते. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. वेतन दिले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची असते.

पार्सलमागे दर घेणाऱ्या, 'पार्टनर' म्हणवल्या जाणाऱ्या मुलांची स्थिती मात्र कमकुवत आहे. त्यांना कामगार मानायलाच कंपन्या तयार नसतात. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या आली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षा निधीत द्यावी, असे त्यात आहे. या लाभांसाठी ई-श्रम पोर्टलवर नोंदणी हवी. ती आजच करून घ्यावी.

प्रश्न फक्त पैशांचा नाही. जून 2024 मध्ये हरियाणातील मानेसर येथील अ‍ॅमेझॉनच्या गोदामातली बातमी देशभर गाजली. सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी पिण्यासाठी किंवा लघवीसाठी थांबणार नाही, अशी शपथ कामगारांकडून घेतल्याचे समोर आले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्यावर केंद्रीय कामगार मंत्रालयाला नोटीस पाठवली. माणसाला माणूस म्हणून वागवणे हाही नोकरीचाच भाग आहे.

आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. पार्सल रेल्वेने येण्याच्या काळात, फेब्रुवारी 1938 मध्ये, मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. मनमाडहून जालन्याला येणारी लाईन तीच. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले, की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला हमालाचे कामही मिळत नाही, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरी राबावे लागते. साहेबाचे घरकाम हा नोकरीचा भाग नव्हता, तरी नोकरी त्यावरच ठरत होती. आज रूट वाटताना, सुट्टी देताना, "गाव कोणतं, आडनाव काय" असे विचारले जाते, तेव्हा आम्हाला हीच गोष्ट आठवते.

मग करायचे काय? येण्याची आणि जाण्याची वेळ रोज वहीत लिहा. हजेरीचा आणि कपातीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा. कपातीचे कारण लेखी मागा. एकट्याने भांडू नका, चार-पाच जण मिळून शांतपणे बोला. ऐकले नाही तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज द्या. अर्ज लिहिता येत नसेल तर विहारात रविवारी जमणाऱ्या शिकलेल्या मुलांनी तो लिहून द्यावा. तासाभराचे काम आहे.

शेवटची गोष्ट टीम लीडर आणि मॅनेजर झालेल्या आपल्याच मुला-मुलींसाठी. आता तुम्ही टेबलाच्या पलीकडे आहात. वरून टार्गेट येणारच. पण अर्धी हजेरी लावताना पेन तुमच्या हातात असतो. त्या क्षणी कायदा काय म्हणतो, हे वरच्यांना एकदा तरी विचारा.