तुमची मालिका कोणती? आणि का?

बाईला तिची आवडती भाजी विचारली की ती नवऱ्याची आवडती भाजी सांगते, हे आपल्याला काही नवं नाही. टीव्हीचंही तसंच. "तुम्हाला काय बघायला आवडतं हो?" असं विचारलं की उत्तरं येतात, "आमच्याकडे बातम्या असतात", "सासूबाईंचं कीर्तन लागतं", "मुलं क्रिकेट सोडत नाहीत". अहो, पण तुम्हाला काय आवडतं? मग पदराला हात पुसत हसायचं आणि म्हणायचं, "सगळंच चांगलं असतं की!"

या 'सगळंच चांगलं'चा कंटाळा येऊन आमच्या महिला मंडळात गेल्या श्रावणात आम्ही एक नवा खेळ काढला. मंगळागौरीच्या फुगड्यांना आता निम्म्या जणींचे गुडघे साथ देत नाहीत आणि हाउजीला सगळ्याच विटल्या होत्या. खेळ साधा होता. घरगुती, विनोदी, पोलिसांच्या, पौराणिक-ऐतिहासिक, भुताच्या, आणि गाण्याच्या-रेसिपीच्या कार्यक्रमांचा एक वेगळा गट. प्रत्येकीनं प्रत्येक गटातून आपली एक निवडायची. जुनी चालेल, नवी चालेल, मराठी-हिंदी काहीही चालेल. फक्त 'का' ते सांगायचं, आणि 'सगळे बघतात म्हणून' हे कारण धरलं जाणार नाही!

मला वाटलं होतं, अर्ध्या तासात आटपेल. साताऱ्याकडची शेवटची एसटी जायची वेळ झाली तरी बायका उठेनात.

पोलिसांच्या गटात 'सीआयडी'नं मैदान मारलं, यात आश्चर्य नाही. जानेवारी १९९८ मध्ये सुरू झालेली ही मालिका २०१८ पर्यंत चालली आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा आली. आमच्या आजीबाईंना तर शिवाजी साटम त्याआधीपासून, दूरदर्शनवरच्या 'एक शून्य शून्य'पासून ओळखीचे. पण कारण ऐका. खानावळ चालवणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "खून झाला, खुनी सापडला, विषय संपला. माझ्या डब्यांच्या गडबडीत चार दिवस बघायला नाही मिळालं तरी अडत नाही. तुमच्या त्या घरगुती मालिकांत एक चहाचा कप खाली पडला की तो आठवडाभर पडतच असतो!" रोज बघणं हीसुद्धा एक चैन आहे, आणि ती सगळ्यांना परवडत नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

याच गटात कुणीतरी 'देवमाणूस'चं नाव घेतलं. २०२० च्या ऑगस्टमध्ये ती सुरू झाली तेव्हा आमच्याकडे घराघरांत चालायची. किरण गायकवाडनं तो गोडबोल्या डॉक्टर उभा केला होता उत्तमच, त्यात वाद नाही. पण आमच्यातल्या अंगणवाडी सेविका एकदम म्हणाल्या, "मी नाही बघितली. मला नाही बघवली." आमच्या जिल्ह्यातल्या वाई तालुक्याचं २०१६ सालचं हत्याकांड आम्हाला वर्तमानपत्रातून कळलं नव्हतं, माणसांकडून कळलं होतं. गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या आणि त्यांतल्या एक तर अंगणवाडीच्या बायकांच्या संघटनेचं काम करणाऱ्या. "मालिकेत तो डॉक्टर विनोद करायचा आणि आमच्या घरचे हसायचे. मी उठून आत जायचे," एवढंच त्या बोलल्या. मग जिनं नाव घेतलं होतं तिनंही रागानं नाही, पण ठामपणे सांगितलं, "ती बघून माझी मुलगी एकटी दवाखान्यात जायची बंद झाली. मला सोबत नेते. म्हणून मी ती निवडली." मला स्वतःला विचाराल तर, ताज्या जखमेवरची मालिका इतकी रंगतदार करायला नको होती. पण दोघींची कारणं वहीत लिहून घेतली.

भुताच्या गटाचं मी थोडक्यात आटपते. 'रात्रीस खेळ चाले' सोडून दुसरं नाव फारसं निघालं नाही. सावंतवाडीजवळच्या आकेरीचा तो वाडा बघायला आमच्यातल्या चौघी सहलीला जाऊन आल्यात. वाद झाला तो भुतांवरून नाही, माई आणि शेवंता यांच्यावरून. शेवंताच्या साड्यांवर अर्धा तास!

पौराणिक-ऐतिहासिकमध्ये वयानं मोठ्या होत्या त्यांनी अर्थातच 'रामायण' घेतलं. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी साडेनऊ. आम्ही तेव्हा लहान, आणि गल्लीत टीव्ही एकच. त्या घरच्या काकू स्वयंपाक आदल्या रात्रीच उरकून ठेवायच्या, कारण तीस-चाळीस माणसं बसायला येणार. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये २८ मार्चपासून दूरदर्शननं ती पुन्हा दाखवली, तेव्हा आमची पिढी मुलांना घेऊन बसली. पण या गटातलं मला आवडलेलं कारण दुसरंच. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एकीनं 'उंच माझा झोका' निवडली. रमाबाई रानड्यांवरची ही मालिका २०१२-१३ ची. आधी छोटी तेजश्री वालावलकर आणि मग स्पृहा जोशी. ती म्हणाली, "ज्या घरी कामाला जायचे तिथं दारात उभी राहून बघायचे. एवढीशी पोर, घरातल्या बायका टोमणे मारतात तरी पाटी सोडत नाही. मालिका संपली त्या वर्षी मी सतरा नंबरचा फॉर्म भरला." दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म तो. पहिल्या वेळी गणित राहिलं, दुसऱ्या वेळी सुटलं. आम्हा कुणालाच हे माहीत नव्हतं. पाच वर्षं आमच्या बचत गटात आहे ती! अंगठा उठवायच्या रकान्यात सही करते, एवढंच आम्ही बघत होतो.

आता घरगुती. इथं खरी रणधुमाळी.

पीठगिरणी सांभाळणाऱ्या काकूंनी 'चार दिवस सासूचे' म्हटल्यावर सुनांच्या बाजूनं "ईऽऽ" असा सूर निघाला. २००१ साली ई-टीव्ही मराठीवर सुरू झालेली ही मालिका अकरा वर्षं चालली, तीन हजारांवर भाग झाले. "रोहिणी हट्टंगडी कशी बसायची? पाठ ताठ! घरावर, कारभारावर हुकमत. ते गेल्यावर मी गिरणीत बसायला लागले तेव्हा पुरुष गिऱ्हाईक माझ्याकडे न बघता आत हाका मारायचं, 'मालक आहेत का?' मी रोज रात्री ती मालिका बघायचे आणि सकाळी तशी बसायचे." सुना गप्प.

एका शिक्षिकेनं 'आभाळमाया' घेतली. १९९९ ची, तेव्हाच्या अल्फा मराठीवरची. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी प्राध्यापक होती, घर सांभाळून नोकरी करणारी. नवऱ्याचं मन दुसरीकडे गेलेलं बाई सोसते, भांडते, पण रोज सकाळी कॉलेजात तास घेते, हे आपल्या भाषेत आणि आपण नेसतो तसल्या साडीत तिनं पहिल्यांदा पाहिलं. ज्यांच्याकडे केबल नव्हती त्यांनी मग दूरदर्शनवरच्या 'दामिनी'चा, प्रतीक्षा लोणकरच्या पत्रकाराचा झेंडा उभारला. 'वादळवाट' निवडणारीनं आठवण काढली ती लोडशेडिंगची. ऐन वेळी दिवे जायचे, मग पुण्याच्या बहिणीला एसटीडी लावून विचारायचं, "काय झालं गं आज?" मालिका अर्धी टीव्हीवर आणि अर्धी फोनवर पाहिलेली!

पण सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो 'आई कुठे काय करते'नं. डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४, पाच वर्षं. मूळ बंगाली 'श्रीमोयी', तिच्यावरूनच हिंदीतली 'अनुपमा' आली. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण कळतं आणि अरुंधती, म्हणजे मधुराणी प्रभुलकर, पुढे घराबाहेर पडते. आमच्यातल्या सात जणींची ही पहिली पसंती आणि तिघींचा तिला कडाडून विरोध. विरोध करणाऱ्या सासवा असतील असं तुम्हाला वाटेल. नाही हो! त्यांतली एक माहेरी परत आलेली, ब्लाउज शिवून पोट भरणारी, पस्तिशीची मुलगी होती.

"अरुंधती बाहेर पडली तेव्हा मीपण रडले," ती म्हणाली. "पण तिला गाणं येत होतं, तिला माणसं भेटली. मला पिको-फॉलचं मशीन हप्त्यावर घ्यायलाही भावाची सही लागली. रेशनकार्डावरचं नाव कमी करून घ्यायला तीन चकरा झाल्या. ते कुठं दाखवतात?"

यावर मी इतकी वर्षं या कामात आहे म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही. मालिकेत कोर्ट दिसतं, काळे कोट दिसतात. पण भाबड्या बाईला नेमकं कुठल्या दारात जायचं, ते क्वचितच दिसतं. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा, ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. घर नावावर नसलं तरी लग्नाच्या बाईला त्या घरात राहण्याचा हक्क त्यानं दिलाय. 'माझ्या घरातून चालती हो' असं म्हणून कुणाला तिला कायद्याची वाट सोडून बाहेर काढता येत नाही. महिला व बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे जायचं. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. पाच वर्षांच्या मालिकेत यावर दोन भाग घालवले असते तर टीआरपी एवढा काही पडला नसता! तरीही एक खरं, की अरुंधतीमुळे 'घटस्फोट' हा शब्द आमच्या मंडळात कुजबुजत नाही, चारचौघींत बोलला जातो. ते श्रेय तिचं.

विनोदीत मला वाटलं, दिलीप प्रभावळकरांचे 'श्रीयुत गंगाधर टिपरे' एकमतानं येतील. आलेही बऱ्यापैकी. 'चला हवा येऊ द्या'वर मात्र दोन तट पडले. पुरुषांनी साडी नेसून बायकांची टिंगल करायची यात हसण्यासारखं काय, असा तरुण मुलींचा सवाल. तर दुसरा तट म्हणे, आम्ही हसायला नाही, पोस्टमनच्या पत्रांना रडायला बसायचो. अरविंद जगतापांची ती पत्रं सागर कारंडे वाचायचा. मुलींचं म्हणणं मला पटतं, आणि पत्रं मलाही आवडायची.

याच गटात आमच्यातल्या एक बाई बोलल्या. बावन्न-त्रेपन्न वय, यजमान जाऊन बारा-तेरा वर्षं झालेली. कधी फार बोलत नाहीत. त्यांनी विनोदी मालिका म्हणून 'अग्गंबाई सासूबाई' सांगितली. सगळ्या म्हणाल्या, अहो ती घरगुतीतली! २०१९ ची, सून पुढाकार घेऊन विधवा सासूचं लग्न लावून देते ती. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक.

"माहितीय," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे ती विनोदी म्हणूनच चालायची. आजोबांचं ओरडणं, त्या लाडावलेल्या बबड्याचे चाळे, सगळे पोट धरून हसायचे. गंभीर म्हणून बघायला बसले असते तर लेकानं चॅनेल बदललं असतं."

कुणी काही बोललं नाही. हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर आमच्या मंडळानंही ठरवलं, हळदीकुंकू सगळ्यांना लावायचं. आम्हाला त्याचा केवढा अभिमान! पण वाण हातात देणं सोपं असतं. 'तुम्हाला सोबत हवीशी वाटते का?' हे आमच्यातल्या एकीनंही त्यांना कधी विचारलेलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना एक सून त्यांच्याबरोबर मुद्दाम वेगळ्या रस्त्यानं चालत गेली. काय बोलल्या ते त्यांचं त्यांना माहीत, आणि इथं लिहायचं कारणही नाही.

राहता राहिला 'होम मिनिस्टर'. सप्टेंबर २००४ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंत, वीस वर्षं आदेश भाऊजी घरोघर फिरले. फुगे फोडून पैठणी जिंकण्यात काय मोठेपणा, अशी नाकं मुरडून झाली. पण बहुतेकींनी तोच निवडला. कारण सांगितलं सत्तरीच्या आजींनी. "आमच्या घरी पाहुणा आला की ह्यांच्याशी बोलायचा. मी चहा ठेवायचे, परत कप न्यायचे. हा एकच पाहुणा असा, की जो आल्या आल्या बाईचं नाव विचारायचा."

खेळ तुमच्याकडेही खेळून बघा. वही-पेन एवढाच खर्च. कारण सांगताना कुणाला मधेच तोडायचं नाही, हा नियम मात्र पाळा. आणि एक आगाऊ सल्ला, वेळ संध्याकाळी सातची ठेवू नका. निम्म्या जणी येणार नाहीत, आणि आलेल्यांचं लक्ष घड्याळाकडे!