संगणक आपला, चावी कोणाची?

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला माहीत आहे. आषाढी वारीनंतर परतवारीला येथे मोठी गर्दी लोटते. नामदेव जातीने शिंपी, आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. संतांनी जातिव्यवस्थेवर घाव घातला नाही, हे बाबासाहेबांचे मत आम्हाला मान्यच आहे. त्याच बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, हेही विसरता येत नाही. पण तो विषय वेगळा. आज आम्हाला लिहायचे आहे ते नरसीसारख्या गावात झेरॉक्स, टायपिंग किंवा ऑनलाईन अर्जांचे दुकान टाकणाऱ्या आपल्या पोरापोरींविषयी.

नोकऱ्या संपल्या आहेत. सरकारी भरती निघत नाही, निघाली तर कंत्राटी निघते, आणि कंत्राटात आरक्षण शोधावे लागते. मग शिकलेला मुलगा महात्मा फुले मागासवर्गीय विकास महामंडळाकडे जातो, नाहीतर बँकेत मुद्रा कर्ज मागतो. एक संगणक, एक प्रिंटर, एक लॅमिनेशन मशीन आणि भाड्याचा गाळा. समाजातील असे किती तरुण आज स्वतःच्या पायावर उभे आहेत! जातीच्या दाखल्याचा अर्ज, पडताळणीचे प्रतिज्ञापत्र, बचत गटाचा ठराव, हळदीच्या व्यापाऱ्याची बिले, सगळे त्याच संगणकावर टाईप होते. आणि त्या संगणकातील ऑफिस सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी चोरीचे असते.

हे वाचून कोणाला राग येईल. पण चोर तो मुलगा नाही. तो कोटेशन घेऊन बँकेत जातो, बँक पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात टाकते, विक्रेता संगणक आणून ठेवतो आणि म्हणतो, "सगळं टाकून दिलंय." या 'सगळं' शब्दात काय आहे, हे बिलावर कोठेच लिहिलेले नसते. आम्ही वकिलीच्या निमित्ताने अशी बिले पाहिली आहेत. काही कोटेशनमध्ये तर सॉफ्टवेअरची स्वतंत्र रक्कम लावलेली असते आणि परवान्याचा कागद मात्र नसतो. म्हणजे महामंडळाचे कर्ज, व्याज आमच्या पोराच्या माथी, आणि माल बनावट.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. कॉपीराईट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. पण दुकान म्हणजे धंदाच! घरी बसून कविता टाईप करणाऱ्याला जी सवलत आहे ती टायपिंगवाल्याला नाही. कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय अशा प्रती जप्त करू शकतो. कलमातील 'जाणूनबुजून' हा शब्द मोलाचा आहे. आपण पैसे मोजून परवाना घेतल्याचे बिल दाखवता आले तर बचावाला जागा राहते. कागदच नसेल तर वकील तरी काय करणार? धाड पडते तेव्हा विक्रेता हिंगोलीत किंवा नांदेडात असतो. जप्त होतो तो दुकानातला संगणक, आणि हप्ता पुढच्या महिन्याच्या पाच तारखेलाही भरावाच लागतो.

मग विकत घ्यावे का? परवडत असेल तर जरूर घ्यावे. पण मायक्रोसॉफ्टचे ऑफिस आता मुख्यतः वार्षिक वर्गणीवर विकले जाते. वर्गणी थांबली की टाईप करणे बंद, जुन्या फायली नुसत्या वाचायच्या. एकदाच पैसे भरून घ्यायची प्रतही मिळते, मात्र तिचे आयुष्य कंपनी ठरवते. ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला, आणि त्याच दिवशी विंडोज १० चाही. मशीन धडधाकट असताना लाखो संगणक एका तारखेने म्हातारे झाले. आणखी एक फसगत आहे. 'होम अँड स्टुडंट' नावाची स्वस्त प्रत दुकानात वापरायला परवानगी देत नाही. मूळ प्रत घेऊनही अटभंग होतो, हे विकणारा सांगत नाही.

येथे आम्हाला मूकनायकची आठवण होते. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ते पाक्षिक सुरू केले. पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. दुसऱ्याच्या छापखान्यावर आपली चळवळ चालत नाही, हे बाबासाहेब जाणून होते, म्हणून पुढे चळवळीचा स्वतःचा छापखाना उभा राहिला, जो बुद्धभूषण प्रेस या नावाने ओळखला गेला. हत्यार कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न संगणकालाही लागू आहे.

लिबरऑफिस हे त्याचे आज हाताशी असलेले उत्तर आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने २००० साली आपल्या ऑफिसचा सोर्स कोड खुला केला, त्यातून ओपनऑफिस झाले. ओरॅकलने सन विकत घेतल्यावर कार्यकर्त्यांना भरवसा राहिला नाही, आणि सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी द डॉक्युमेंट फाऊंडेशन स्थापून लिबरऑफिस वेगळे केले. मालक हटला तरी काम करणारे काम घेऊन बाहेर पडू शकले, कारण कोड सगळ्यांचा होता. ते कितीही संगणकांवर टाका, दुकानात वापरा, शेजाऱ्याला द्या, एक पैसा लागत नाही. पत्रे, हिशेबाचे तक्ते, सादरीकरण सगळे त्यात आहे, मेनू मराठीत करता येतो, आणि पीडीएफ थेट निघते.

"पण कोर्टात, कचेरीत चालेल का?" हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरातील न्यायाधीशांना जे लॅपटॉप दिले गेले त्यांवर उबुंटू लिनक्स होते, आणि न्यायाधीशांना त्याचे प्रशिक्षणही दिले गेले. केंद्र सरकारने २०१५ साली आपल्या कार्यालयांसाठी ओपन सोर्स धोरण जाहीर केले. केरळच्या सरकारी शाळांतील मुले तर वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकतात. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटी आली, लाखो मुलांनी पोटाला चिमटा काढून फी भरली, आणि संगणक म्हणजे वर्ड-एक्सेल एवढेच शिकून बाहेर पडली. शिकवले असते तर दुसरेही आले असते.

अडचणी नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. वर्डमध्ये केलेला गुंतागुंतीचा फॉर्म लिबरऑफिसमध्ये उघडला की कधी कधी रकाने सरकतात. म्हणून ग्राहकाला शेवटची प्रत पीडीएफमध्येच द्यावी. जीएसटीच्या ऑफलाईन साधनाला एक्सेलच लागते. त्यासाठी दुकानदाराने स्वतःची बिले वेगळ्या मार्गाने भरावीत. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांना जीएसटी नेटवर्कने २०१९ मध्ये मोफत हिशेबाचे सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिले होते, त्याची चौकशी करावी. खरी डोकेदुखी मराठी फॉन्टची आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांत टाईप केलेल्या जुन्या फायली दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांचा चिवडा होतो. आमच्या चळवळीतील कितीतरी पत्रके, स्मरणिका अशाच कोणालाही न वाचता येणाऱ्या फायलींत अडकल्या आहेत! नवे काम युनिकोडमध्येच करावे. इनस्क्रिप्ट कळफलक पंधरा दिवसांत बसतो. फॉन्ट लोहित किंवा मुक्त घ्यावा, दोन्ही मोफत आहेत.

गुगल डॉक्स किंवा तामिळनाडूतील झोहोचे ऑफिसही वापरता येते, पण वीज आणि नेट गेले की दुकान बंद. शिवाय लोकांचे आधार, जातीचे दाखले, निवाडे कोणाच्या खात्यात साठतात याचा विचार दुकानदाराने करावा. ग्राहकाचे काम संपले की फाईल पुसून टाकायची सवय लावून घ्यावी.

महामंडळाकडे किंवा बँकेत कोटेशन देण्याआधी एवढे करावे. संगणक, प्रिंटर आणि सॉफ्टवेअर यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती आणि परवान्याचा प्रकार बिलावर हवा. विक्रेता 'मोफत टाकून देतो' म्हणाला तर तेही बिलावर लिहून मागावे. बनावट असेल तर तो लिहून देणार नाही. ऑफिसची रक्कम काढून टाका आणि लिबरऑफिस टाका असे स्पष्ट सांगावे. त्या वाचलेल्या पैशांत इन्व्हर्टरची बॅटरी येते, आणि भारनियमनात तिची गरज वर्डपेक्षा जास्त पडते.